मेक्सिकोच्या डोंगरातली घोड्यावरची मोहीम: आजारपण आणि हालअपेष्टांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओआहाका शहराच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यातून निघून, मिआवात्लानवरून सिएरा माद्रेचा दक्षिण भाग ओलांडून आम्ही पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत घोड्यांवरून गेलो. मी, दोन मैत्रिणी आणि आमचे आर्रिएरो, म्हणजे जनावरांवर माल लादून डोंगर ओलांडणारे. आपल्याकडे लमाण बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत, तसा हा तिथला जुना पेशा. गावात त्यांना सगळे तिओ, म्हणजे काका म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. चार घोडे, दोन खेचरं. अकरा दिवसांचा बेत होता, लागले १९. त्यातले सात दिवस एकाच गावात आजारपणात गेले.

परत आल्यापासून असा प्रवास करू इच्छिणारे मराठी मित्र, त्यांचे आईवडील आणि घोडेस्वारी शिकणारी मुलंमुली तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

आधी आजारी कोण पडतं, माणूस की घोडा?

आमच्या बाबतीत घोडा, आणि चूक माझी होती. चौथ्या दिवशी चढ फार होता. संध्याकाळी माझा घोडा मला खंगलेला वाटला, म्हणून मी त्याच्या तोबऱ्यात नेहमीच्या दुप्पट मका भरला. जानेवारी महिना. ओढ्याचं पाणी बर्फासारखं गार, म्हणून दिवसभर तो धड पाणीही प्यायला नव्हता. पोटात कोरडा चारा, वरून भरमसाट दाणा.

रात्री दहाच्या सुमारास त्याने पुढच्या पायाने जमीन उकरायला सुरुवात केली. मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागला. बसला, उठला, लोळला. लीद नाही. हा पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं आतड्यातूनच पुढे सरकायला हवं. ते अडलं, आतड्याला पीळ बसला, तर काही तासांत खेळ संपतो.

तिओंनी तोबरा काढून लांब ठेवला, कुशीला कान लावून आतली गुडगुड ऐकली आणि त्याला हळूहळू चालवत ठेवलं, मध्ये मध्ये उभं राहू दिलं. दमवायचं नाही, फक्त लोळताना दगडांवर आपटू द्यायचं नाही. मिआवात्लानच्या पशुवैद्याशी फोन लागला तेव्हा बारा वाजले होते. आमच्याकडे फ्लुनिक्सिन, म्हणजे घोड्यांचं वेदनाशामक होतं. ते शिरेतच द्यायचं. स्नायूत टोचलं तर तिथे जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. शिरेत द्यायचा सराव तिओंना होता, मला नव्हता. पहाटे चारला लीद पडली. त्या अंधारात आम्ही चौघं लिदीभोवती टॉर्च धरून उभे होतो आणि मी रडत होते.

मका माणसंही खातात. घोड्याला काय अपाय?

मका वाईट नाही, अचानक दिलेला मका वाईट. तिथल्या डोंगरात घोड्याचं रोजचं खाणं म्हणजे रास्त्रोहो, कणसं काढून घेतल्यावर उरलेली मक्याची वाळकी ताटं. हा आपला कडबाच. त्यावर मूठभर दाणा. घोड्याच्या आतड्यातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. एकदम दाणा वाढवला तर पोटशूळ होतो, नाहीतर खुराच्या आतले पडदे सुजतात आणि घोडा पाय टाकेनासा होतो. म्हणून निघण्याआधी दहा दिवस घोडे ताब्यात घ्या आणि वाटेत मिळेल तोच चारा तेव्हापासून सुरू करा.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. बुरशी आलेल्या मक्यात फ्युमोनिसिन नावाचं विष तयार होतं. गाय-म्हैस ते बरंचसं सोसते, पण घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग त्याने अक्षरशः विरघळतो. त्यावर इलाज नाही. विकत घेतलेला मका हातावर पसरून पाहा, वास घ्या, गुलाबी-पांढरट बुरशी किंवा भुगा दिसला तर फेका. दुकानदारासमोर संकोच करू नका.

घोडा आजारी आहे हे नवख्याला कसं कळावं?

निरोगी असतानाच त्याचे आकडे लिहून ठेवा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागते. वरचा ओठ उचलून हिरडी दाबा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. विश्रांतीतही नाडी साठाच्या वर राहिली तर पुढचा विचार न करता पशुवैद्य गाठा.

हिरड्या पिवळसर, लघवी गडद आणि ताप, असं दिसलं तर गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझमोसिस मनात आणा. मेक्सिकोत तो सर्रास आढळतो. अमेरिकेत घोडा आयात करायचा तर या रोगाची चाचणी निगेटिव्ह लागते, त्यामुळे उत्तरेकडे सीमा ओलांडायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

आकड्यांइतकीच रोजची ओळख उपयोगी पडते. सकाळी खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो, तेव्हा गरम लागलेला पाय, गोचीड, सूज सापडते. मी खरारा कंटाळून उरकायचे. पाचव्या दिवसापासून सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देऊ लागले.

पाठीवरच्या जखमा टाळता येतात का?

बहुतेक येतात. खोगीर घोड्यापुरतं मापाचं हवं, खालचं कांबळं रोज वाळवलेलं हवं, तंग हळूहळू दोन टप्प्यांत आवळावा आणि स्वार, खोगीर, सामान मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहावं. तिथले डोंगरी घोडे लहानखुरे असतात, आपल्या भीमथडीच्या तट्टांसारखे काटक पण लहान. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर नव्वद किलोचा माणूस आणि वीस किलोचं खोगीर हा अन्याय आहे. उतारावर पायउतार व्हा. माझे गुडघे दुखले, त्याची पाठ वाचली.

आता तर जखम टाळणं पूर्वीपेक्षाही महत्त्वाचं झालं आहे. मेक्सिकोने १९९१ मध्ये स्क्रूवर्म या माशीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्वातेमालाच्या सीमेला लागून असलेल्या चियापासमध्ये ती पुन्हा सापडली. मे २०२५ मध्ये अमेरिकेने दक्षिण सीमेवरून गुरं आणि घोडे घेणं थांबवलं. नेहमीच्या माशीच्या अळ्या सडलेलं मांस खातात. या माशीच्या अळ्या जिवंत मांस खातात. गोचीड चावल्याच्या खुणेएवढी जखमही तिला पुरते, आणि माणसालाही तिची बाधा होते. रोज संध्याकाळी प्रत्येक ओरखडा धुवा, माशी बसू नये असं औषध लावा. जखमेत किडे पडलेले दिसले तर जवळच्या पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवणं तुमचं कर्तव्य आहे. गावकऱ्यांची सगळी मिळकत गुरांत असते.

आपण भारतीय, आपली पोटं कणखर. तरी पाण्याची एवढी काळजी घ्यायची?

मीही हेच म्हणायचे. आपल्या पोटाला आपल्या गावच्या जंतूंची सवय असते, सगळ्या जगाच्या नव्हे. सातव्या दिवशी एका उतारावरच्या झऱ्याचं पाणी मी तसंच प्यायले. वर दोन वळणांवर गोठा होता, तो नंतर दिसला. दुसऱ्या रात्रीपासून जुलाब, उलट्या, ताप. तिसऱ्या दिवशी रिकिबीत पाय घालून वर चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. घोड्यावर चक्कर येणं वेगळ्याच तऱ्हेने धोक्याचं असतं. खाली दरी असते आणि लगाम ज्याच्या हातात तोच भानावर नसतो.

तिओंनी खोगिरं उतरवली आणि त्या गावात मुक्काम जाहीर केला. मी वाद घातला, उद्या निघू म्हणाले. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, घोड्यांना लांब दोऱ्या बांधून कुरणात सोडून दिलं. तो निर्णय माझ्या हातून झाला असता तर मी दोन दिवस ओढलं असतं आणि बहुधा पडले असते.

पाणी उकळा. खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणू मारतात, पण काही परजीवी त्यांना दाद देत नाहीत. जुलाब लागले तर पहिलं औषध जलसंजीवनी. तिथल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत ‘विदा सुएरो ओराल’ नावाच्या पुड्या फुकट मिळतात. त्या नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. रक्त पडत असेल, ताप चढत असेल, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर पुड्यांवर थांबू नका.

ताजं चीज, दूध चालेल का?

दूध उकळल्याशिवाय नाही. घराघरात केलेलं पांढरं ताजं चीज दिसायला आपल्या पनीरसारखं आणि चवीला सुरेख असतं, पण ते पुष्कळदा कच्च्या दुधाचं असतं. त्यातून ब्रुसेलोसिस होतो. ताप चढतो-उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर मोडून येते, आणि कधीकधी हे सगळं घरी परतल्यावर काही आठवड्यांनी सुरू होतं. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना मेक्सिकोत कच्चं चीज खाल्लं होतं हे आपण होऊन सांगा. ते सांगितलं नाही तर त्या दिशेने तपासण्या व्हायला वेळ लागतो.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

टॉर्टिया, घेवड्याची उसळ, भोपळा, निवडुंगाची पानं, अंडी खात असाल तर अंडी. उसळीत डुकराची चरबी घातलेली असू शकते, आधी विचारा. पिनोले जरूर बरोबर ठेवा. भाजलेल्या मक्याचं हे पीठ पाण्यात कालवून प्यायचं. आपल्या सातूच्या पिठाचं हे भावंडच. आजारपणात माझ्या पोटात पहिल्यांदा टिकलं ते तेच.

ताप आला तर कशाची शंका घ्यावी?

कुठे आहात त्यावर. डोंगर उतरून किनाऱ्याच्या उष्ण पट्ट्यात आलात तर डेंग्यू. ते नक्की होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. घोड्यावरून अंग ठणकतंय म्हणून पहिल्या दिवसापासून आयबुप्रोफेन चघळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

उत्तरेकडे, सोनोरा किंवा चिवावात जाणार असाल तर गोचिडांतून येणारा रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा ताप फार वाईट. तो गावातल्या कुत्र्यांवरच्या गोचिडीतून येतो. अंगावर पुरळ उठेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. शंका आली की डॉक्टर तिथे तपासणीचा निकाल येण्याआधीच डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक सुरू करतात, आणि ते बरोबर आहे. ज्यांच्या ओसरीवर झोपायला जागा मिळते, त्यांची कुत्री रात्री पायाशी येऊन निजतात. माया येते, पण अंथरुणात घेऊ नका.

विंचू?

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो, आणि योग्यच आहे. मेक्सिकोत दरवर्षी अडीच लाखांहून अधिक विंचूदंश नोंदले जातात. पण तिथला विंचू आणि आपला लाल विंचू वेगळे. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्या दंशाने होणारे मृत्यू कमालीचे घटवले. मेक्सिकोतल्या सेन्त्रुरॉइदेस जातीच्या विंचवाचं विष मज्जातंतूंवर चालतं. जीभ बधिर, घशात केस अडकल्यासारखं वाटणं, लाळ गळणं, बुबुळं थरथरणं. तिथे प्रतिविष हाच पहिला इलाज. विंचू भरपूर असलेल्या भागांतल्या लहान आरोग्यकेंद्रांतही ते ठेवलेलं असतं. घरून प्राझोसिनच्या गोळ्या नेऊन त्यांच्या भरवशावर राहू नका. बूट आणि खोगिराखालचं कांबळं रोज सकाळी झटका. लाकडाच्या ढिगाला टेकून झोपू नका.

रक्त पिणारी वटवाघळं खरंच असतात का?

असतात. गरम भागात उतरल्यावर एका सकाळी एका खेचराच्या मानेवरून वाळलेल्या रक्ताचा ओघळ दिसला. जखम बोराच्या बीएवढीही नव्हती. वटवाघळाच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ओघळ लांबलचक येतो. भीती रक्ताची नाही, रेबीजची आहे. गुराढोरांत तिथे त्याला देर्रिएंगे म्हणतात. जनावर मागच्या पायांनी लुळं पडतं, गिळता येत नाही. अशा वेळी घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालणं ही जीवघेणी चूक.

कुत्र्यांमुळे माणसांत होणाऱ्या रेबीजचं उच्चाटन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा मेक्सिको २०१९ मध्ये जगातला पहिला देश ठरला. ही मोठी कामगिरी आहे, पण वटवाघळांचा धोका तिच्याबाहेरचा. जाण्याआधी रेबीजची आगाऊ लस घ्या, घोड्यांनाही टोचलेली आहे ना ते विचारा. चावा झाला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना, आगाऊ लस घेतलेली असली तरीही.

लस घ्यायला जाल तेव्हाच हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वाताचीही चौकशी करा. घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो, त्यांची लस चुकवू नका. दक्षिणेत डासांतून पसरणाऱ्या व्हेनेझुएलन इक्वाइन एन्सेफलायटिस या मेंदूला सूज आणणाऱ्या रोगाची लसही विचारा. १९६९ साली ग्वातेमालाकडून आलेली त्याची साथ १९७१ मध्ये टेक्सासपर्यंत पोचली होती, आणि ओआहाकात १९९६ मध्ये ती पुन्हा दिसली.

थंडी जास्त की उष्णता?

दोन्ही, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने. सान होसे देल पासिफिकोला अडीच हजार मीटरवर पाईनच्या जंगलात रात्री दात वाजत होते. प्लुमा इदाल्गोच्या कॉफीच्या बागांत उतरलो तेव्हा घोडे घामाने निथळत होते. केस वाढलेल्या घोड्याला ही उष्णता माणसापेक्षा जड जाते. दुपारी अकरा ते चार थांबा, मीठ द्या.

डोंगरात डॉक्टर मिळतो का?

बहुतेक मोठ्या गावांत सेन्त्रो दे सालूद, म्हणजे आरोग्यकेंद्र असतं, आणि तिथे पुष्कळदा पासान्ते, म्हणजे शिकाऊ डॉक्टर भेटतो. मेक्सिकोत वैद्यकीय शिक्षण पुरं करायचं तर एक वर्ष समाजसेवा सक्तीची असते. ही पद्धत १९३६ पासूनची. पंचविशीतली ही मुलंमुली एका खोलीच्या दवाखान्यात, आठवड्यातून एकदा येणाऱ्या जीपच्या आधारावर काम करतात. मला सलाईन लावणारी मुलगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. दोन रात्री ती दवाखान्याच्या बाकावर झोपली. गावात तपासणीची सोय नव्हती, तिने ते स्पष्ट सांगितलं आणि कुठल्या खुणा दिसल्या तर मला खाली न्यायचं ते कागदावर लिहून दिलं. तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

गावात औषधी वनस्पती जाणणाऱ्या कुरान्देरा असतात, हाडं-सांधे बसवणारे उएसेरो असतात, आपल्या हाडवैद्यांसारखे. कॅमोमाइलचा काढा मी प्रेमाने प्यायले. पण डोक्याला मार लागला असेल, हाड मोडलं असेल, तर आधी दवाखाना. आणीबाणीचा नंबर ९११, पण बऱ्याच दऱ्यांत रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र चारजणांत मिळून एक तरी घ्या, आणि हेल्मेट प्रत्येकाला.

विमा?

घ्या. घोडेस्वारी आणि डोंगरातून हलवण्याचा खर्च त्यात आहे, हे लेखी मागून घ्या.

घोडा चालूच शकत नसेल तर त्याला गावात ठेवून पुढे जावं का?

हा प्रश्न त्या देशात ५०० वर्षं जुना आहे. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस १६ घोडे घेऊन उतरला, तोवर तिथल्या लोकांनी घोडा पाहिलेला नव्हता. १५२५ मध्ये होंडुरासकडे जाताना त्याच्या काळ्या घोड्याच्या पायात लाकडाची फास घुसली. आजच्या ग्वातेमालातल्या पेतेन सरोवराकाठच्या इत्झा लोकांच्या हवाली त्याला करून कोर्तेस पुढे गेला, तो परतलाच नाही. त्या लोकांनी पाहुण्याला आपल्याकडचं उत्तम ते वाढलं. सांगतात की फुलं आणि कोंबड्या. घोडा मेला. पुढे १६१८ मध्ये दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरू तिथे पोचले तेव्हा घोड्याच्या मूर्तीची पूजा होताना त्यांनी पाहिली. ही गोष्ट मला फार लागते. त्या माणसांचं काहीच चुकलं नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्याने सांगून ठेवलं नव्हतं.

दुसरं उदाहरण बरं आहे. १९२५ मध्ये एमे चिफेली हा स्विस शिक्षक मांचा आणि गातो या दोन क्रिओयो जातीच्या घोड्यांसह बुएनोस आइरेसहून उत्तरेला निघाला. मेक्सिकोत शिरताच तापाचुलाला एका खेचराने लाथ मारून गातोला जायबंदी केलं. त्याने गातोला ओढत नेलं नाही. गातो रेल्वेने मेक्सिको सिटीला गेला, चिफेली मांचावरून पुढे निघाला, आणि तिथे तिघं पुन्हा भेटले. १९२८ मध्ये प्रवास संपला. गातो १९४४ पर्यंत जगला, मांचा १९४७ पर्यंत.

म्हणजे ठेवायला हरकत नाही, पण नीट ठेवा. काय खायला द्यायचं, काय नाही, हे स्पॅनिशमध्ये लिहून द्या. चाऱ्याचे, पशुवैद्याचे पैसे आगाऊ द्या. मालकीची पावती आणि घोड्याच्या अंगावर डागलेल्या खुणेची नोंद सोबत हवी, नाहीतर घोडा सांभाळणाऱ्यावरच चोरीचा आळ येतो. एजिदोच्या, म्हणजे सामायिक जमिनीच्या, प्रमुखाला भेटून त्याच्या कानावर घाला. ही भेट तशीही प्रत्येक गावात शिरताना घ्यायचीच असते. न विचारता शिरलेल्या परक्याकडे तिथे संशयाने पाहतात, आणि काही डोंगरांत त्याला गंभीर कारणं आहेत. गावकरी पुढे जाऊ नका म्हणाले तर जाऊ नका.

किती स्पॅनिश यायला हवं?

दुखणं सांगता येईल इतकं. ‘मे दुएले’ म्हणजे मला दुखतंय, ‘फिएब्रे’ म्हणजे ताप, ‘कोलिको’ म्हणजे पोटशूळ, ‘आलाक्रान’ म्हणजे विंचू. पाण्याजवळ ‘से प्वेदे तोमार?’, पिण्याजोगं आहे का. आणि पुढचं गाव किती लांब असं विचारल्यावर ‘आकी नोमास’ असं उत्तर मिळेल. अर्थ, हे काय इथेच. आपल्याकडच्या ‘हाकेच्या अंतरावर’ची सख्खी बहीण. सांगणारा मनापासूनच सांगत असतो, त्याचे पाय तो डोंगर रोज चढतात. आजारी माणूस किंवा लंगडणारा घोडा बरोबर असेल तर कोसांत विचारू नका, ‘घोड्यावरून किती तास’ असं विचारा. ‘आकी नोमास’ ऐकलं की तिओ आधी सगळ्या जनावरांना पाणी पाजून घ्यायचे आणि टॉर्च वरच्या खिशात काढून ठेवायचे.